ओला कापूस

मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे झाडलोट बघता का? तीही बघते, पण निम्मा दिवस लॅबचे कल्चर रिपोर्ट, म्हणजे कोणाच्या नमुन्यात कोणता जंतू वाढला ते कागद, वॉर्डवार लावण्यात जातो आणि उरलेला दुसऱ्यांच्या हातांकडे बघण्यात. पेशंटला हात लावण्याआधी रब, म्हणजे हाताचं सॅनिटायझर, घेतला का, वीस-तीस सेकंद चोळला का, अंगठा चोळला का. अंगठा हमखास राहतो. मोठ्या सर्जनचा जास्तच राहतो, आणि ते सांगणारी बाई त्यांना आवडत नाही.

त्या दिवशी मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमचा फोन आला. "सिस्टर, मेल सर्जिकलला काय चाललंय?" म्हणजे ऑपरेशन झालेल्या पुरुषांच्या वॉर्डात. तिथल्या तीन पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये एकच जंतू निघाला होता, बर्खोल्डेरिया सेपेशिया. एक तासगावकडचे द्राक्षबागायतदार काका, दुसरा अथणीचा, तिसरा जतचा. ऑपरेशनं वेगळी, सर्जन वेगळे, थिएटरही एक नाही. पण सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे जंतूवर कोणतं औषध चालतं त्याचे, कागद शेजारी शेजारी ठेवले तर कार्बन कॉपी. आयसीयूत आम्ही शेवटचं म्हणून राखून ठेवतो ते कॉलिस्टिन रेझिस्टंट, म्हणजे चालत नाही, आणि जुनंपानं स्वस्त कोट्रायमॉक्सझोल सेन्सिटिव्ह, म्हणजे चालतं. या जंतूचं असंच असतं.

एका सर्जननी लगेच निकाल दिला, "लॅबमध्ये कंटॅमिनेशन झालं असेल." एक रिपोर्ट असता तर मीही ऐकून घेतलं असतं.

हा जंतू मुळात माणसाचा नाही. १९५० साली बर्खोल्डर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं तो सडक्या कांद्यात नोंदवला. माती आणि पाणी हे त्याचं घर. सलाइनमध्ये, डिस्टिल्ड वॉटरमध्ये, इतकंच काय पातळ केलेल्या अँटिसेप्टिकमध्येही तो आरामात वाढतो. म्हणून तो निघाला की वॉर्डात ओलं काय काय आहे ते आधी शोधायचं. मॅडम तेवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वॉर्डात गेले तर केसपेपरवर तिघांच्याही नावापुढे 'पोस्ट-ऑप ताप', मलेरियाची तपासणी पाठवलेली. ताप किती हे चार-चार तासांनी लिहिलं होतं. कशानंतर येतो हे कोणीच विचारलं नव्हतं. काकांना विचारलं तर त्यांनी एका दमात सांगितलं, "आवो शिस्टर, त्या हातातल्या नळीतनं पानी ढकललं का नाय, की अर्ध्या तासात हुडहुडी भरतीया बघा. कालबी तसंच, परवाबी तसंच. त्या बारक्या डाक्टरास्नी बोल्लो, तर म्हनले वय झालंय तुमचं."

नळी म्हणजे शिरेत घातलेलं इंट्राकॅथ. ती तुंबू नये म्हणून दर सहा तासांनी थोडं सलाइन ढकलून फ्लश करतात. तिघांचंही फ्लश एकाच ट्रॉलीवरून होत होतं.

आणि ट्रॉली कोणाची, तर वॉर्डातल्या सगळ्यात चोख सिस्टरची. हे मला पचायला जड गेलं. हातात बांगडी नाही, नखं कापलेली, मंगळसूत्र गणवेशाच्या आत. दर पेशंटला नवी सिरिंज, नवी सुई. बाटलीच्या बुचात सुई खोचून ठेवण्याची घाणेरडी सवय आजही बऱ्याच ठिकाणी दिसते, ती तिच्या ट्रॉलीवर कधीच नव्हती. शंभर मिलीची एक बाटली सगळ्यांना वापरत होती हे चूकच. एक बाटली एक पेशंट हा नियम आहे. पण तेवढ्या बाटल्या स्टोअर देत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. बाटलीवर उघडल्याची तारीख, वेळ आणि सही होती.

"मला दाखवा कसं करता," म्हटलं. तिनं हात चोळले, अंगठ्यासकट. स्टीलच्या डब्यातून ओल्या कापसाचा गोळा चिमट्यानं उचलला आणि बाटलीचं रबरी बूच पुसलं. मग दुसरा गोळा घेऊन परत पुसलं. "मी दोनदा पुसते मॅडम. बाकीच्या पुसतच नाहीत."

मी डब्याचं झाकण काढलं. वरचे गोळे पांढरेशुभ्र, फिकट पिवळ्या पाण्यात भिजलेले. चिमट्यानं तळ ढवळला तर खालचा कापूस चपटा, मळकट, बोटाला बुळबुळीत लागणारा. डबा कधी रिकामा होतच नव्हता. रोज सकाळी जुन्यावर नवे गोळे टाकायचे आणि वरून औषध ओतायचं. औषध म्हणजे क्लोरहेक्सिडीन-सेट्रिमाइड, पाच लिटरच्या कॅनमधलं, वॉर्डातल्या जगमध्ये नळाचं पाणी घालून पातळ केलेलं. त्यात कापूस मुरत ठेवला की सेट्रिमाइड कापसालाच धरून बसतं आणि पाण्यातला जोर उतरतो. सत्तर टक्के अल्कोहोल असतं तर हा जंतू टिकलाच नसता. पण स्पिरिट स्टोअरच्या कुलपात, आणि सुटे अल्कोहोल स्वॅब मिळावेत म्हणून मी पाठवलेले इंडेंट, म्हणजे मागणीपत्रं, 'पर्यायी साधन उपलब्ध' असा शेरा मारून परत. ते पर्यायी साधन आता माझ्या हातात होतं.

डबा, जग, उघडी बाटली, त्याच बॅचच्या सीलबंद बाटल्या, सगळ्यांचे नमुने लॅबला दिले. रिपोर्टची वाट न बघता डबा उचलला, सामाईक बाटली बंद केली, तिघांचे इंट्राकॅथ काढले. दोन दिवसांनी डबा, जग आणि उघडी बाटली तिन्हींत तोच जंतू वाढला. सीलबंद बाटल्या स्वच्छ. कोट्रायमॉक्सझोलवर तिघेही बरे झाले. काका जाताना बेदाण्याचा पुडा घेऊन आले आणि त्या सिस्टरलाच देऊन गेले.

मग मीटिंग. आमच्या फॉर्मवर 'मूळ कारण' असा रकाना असतो. मी सविस्तर लिहिलं: पातळ करण्याची पद्धत, डबा न धुता भरणं, नामंजूर इंडेंट, तारखांसकट. खालच्या 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात 'खरेदी व पुरवठा' लिहिलं. फॉर्म परत आला. व्यक्ती म्हणजे व्यक्ती, विभाग चालत नाही म्हणे. मी नाव घातलं नाही. ते कोणीतरी वरच्या वर घातलं आणि सिस्टरला मेमो मिळाला. ज्यांनी शेरा मारला त्यांच्या फाइलला टाचणीही लागली नाही. हॉस्पिटलचा दर्जा तपासणारी अॅक्रेडिटेशनची टीम यायची असली की हेच लोक रातोरात सगळं आणून देतात, हे वेगळं.

मेमो हातात घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. रडली वगैरे नाही. "मॅडम, एक विचारू? मी बूच पुसलंच नसतं तर?"

खोटं बोलणं शक्य होतं, पण तिला लगेच कळलं असतं. म्हटलं, "तर कदाचित बाटलीत गेला नसता." बाकीच्या सिस्टरांच्या पेशंटना थंडी वाजली नव्हती, हे तिनं माझ्याआधीच ताडलं होतं. शिकवलेलं सगळं तिनं केलं, जरा जास्तच केलं, आणि पुसायला जे दिलं होतं तेच नासकं होतं.

आता सुटे स्वॅब आलेत. पंधरा सेकंद घासायचं, वाळू द्यायचं, मगच सुई. फ्लशसाठी दहा मिलीचे अँपुल मात्र फक्त आयसीयूला, वॉर्डाचं पुढच्या टेंडरला बघू म्हणतात. ती सिस्टर हल्ली कोणतीही नवी वस्तू आली की आधी लेखी सूचना मागते. कशानं, किती पातळ, किती दिवस, खाली सही कोणाची. रेसिडेंट डॉक्टर तिला कटकटी म्हणायला लागलेत. मेमो मागे घ्यावा असं पत्र मी मेट्रनना दिलंय. त्यांनी ते वरती पाठवलंय असं त्या म्हणतात.