जरा कळ काढ

फोनच्या नोट्समध्ये एका हाताने, बहुतेक रात्रीच टाइप केलेल्या या नोंदी. शुद्धलेखन तेवढं नंतर सुधारलं, आणि एक-दोन ठिकाणी मागाहून कळलेलं घातलं. बाकी जशाच्या तशा.

शुक्रवार, रात्री ११

मुलगी झाली. दुपारी १ वाजून १० मिनिटांनी. २ किलो ९००. नाक सासऱ्यांचं.

चौदा तास कळा दिल्या आणि मग बाळाचे ठोके उतरायला लागले. मॅडम म्हणाल्या, आता थांबायचं नाही. पंधरा मिनिटांत थिएटरमध्ये. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, पाठ मांजरीसारखी गोल करा. कळ आलेली असताना मांजर होऊन दाखवा म्हणावं कोणी! पण झाले. मणक्यात सुई गेली, पायांत गरम पाणी ओतल्यासारखं झालं, आणि चौदा तासांत पहिल्यांदा मला श्वास पुरा घेता आला. इतकं बरं वाटलं की मी त्यांना दोनदा थँक्यू म्हटलं. ते आभाळ कसं भरून आलंय वगैरे बोलत राहिले. पोटात कोणीतरी पिशवीत हात घालून किल्ल्या शोधतंय असं वाटत होतं, दुखत मात्र नव्हतं.

सगळं आटोपल्यावर ते गेले. दुसऱ्या दवाखान्यात त्यांची पुढची केस होती. जाता जाता म्हणाले, "दोन-तीन तासांत पाय हलायला लागतील." मला ती आनंदाची बातमी वाटली. पायांबरोबर पोटही जागं होणार, हे मला सुचलं नाही आणि कोणी बोललंही नाही.

संध्याकाळी एक इंजेक्शन दिलंय. आता बघू.

शनिवार, पहाटे ३.४०

बघितलं.

सुरुवातीला नुसती ओढ होती, टाके कोणीतरी दोरी बांधून खाली खेचतंय अशी. मग ठणका. मग घसा कोरडा पडल्यामुळे खोकला आला, आणि त्याचं वर्णन मी करणार नाही. एका खोकल्यानंतर पुढचा खोकला दाबून धरत अर्धा तास पडून राहिले. शिंक आली असती तर काय केलं असतं देव जाणे.

बेल दाबली. सिस्टर आल्या, सलाइनचं पाहिलं, म्हणाल्या, "ताई, पोट कापलंय, एवढं तर दुखणारच." वाईट नव्हत्या बोलल्या. दमल्या होत्या. या मजल्यावर रात्री त्या एकट्याच आहेत.

आई खालच्या चटईवरून उठली. पलंगाच्या पायथ्याची कळ फिरवून डोक्याकडची बाजू वर करून दिली. म्हणाली, "जरा कळ काढ गं. सकाळी डॉक्टर येतीलच."

कळ काढ. झोप येत नाही म्हणून या शब्दाचाच विचार करत बसलेय. बाळंतपणात येते ती कळ, पलंगाला असते ती कळ, आणि काढायची तीही कळ. काटा काढ म्हटलं की काटा बाहेर येतो. पाणी काढ म्हटलं की विहिरीतून वर येतं. कळ तेवढी काढ म्हटलं की आतच राहते. आपल्या भाषेत दुखणं बाहेर काढायला क्रियापदच नाही की काय? असेलही. पहाटे पावणेचारला आठवत नाहीये.

शनिवार, दुपार

मॅडमचा राउंड झाला. लघवीची नळी काढली, चालायला लावलं. बाथरूमपर्यंत बारा पावलं. मी मोजली. वाकून चालले तर ओरडा बसला.

त्यांनी विचारलं, "दुखतंय का? शून्य ते दहात किती?"

मी म्हटलं, पाच.

आता लिहिताना माझाच राग येतोय. पाच का म्हटलं मी? आठ होतं. पण आठ म्हटलं की नाटकी वाटेल असं वाटलं. शेजारी आई उभी, आत्या उभ्या, नवरा बाळाला घेऊन उभा. इतक्या जणांसमोर, आणि त्यातही स्वतःच्या दुखण्याला, मी कधी मार्क दिले नव्हते. मॅडमनी मान डोलवली. त्यांच्या हिशेबाने पाच म्हणजे ठीक चाललंय.

आत्या म्हणाल्या, "सिझर ना? बरं झालं, कळांतून सुटलीस." चौदा तास त्या इथेच बाहेर बाकावर बसल्या होत्या.

बाळाला पाजायला घेतलं आणि पोटात पुन्हा कळ. जुनीच, ओळखीची, टाक्यांच्या आतून. आई म्हणाली पिशवी आवळतेय, चांगलं असतं ते. चांगलं असेल. पोरगी चोखायला लागली की मी पायाची बोटं आवळते.

शनिवार, रात्री १०

शाळेतल्या मैत्रिणीचा फोन. ती पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. अभिनंदन वगैरे झालं, मग म्हणाली, "दुखतंय किती?" मी पुन्हा पाच म्हणणार होते. त्याआधीच म्हणाली, "आकडा नको सांगू. खोकता येतं का? कुशीवर वळता येतं का? बाळाला स्वतः उचलून घेतेस का?"

तिन्हींचं उत्तर 'नाही'.

"फाइल उघड. वेदनाशामकापुढे काय लिहिलंय वाच."

नवऱ्याने वाचलं. औषधाचं नाव आणि पुढे तीन अक्षरं, एसओएस.

मला आजवर वाटायचं ते बुडत्या जहाजाचं. ती हसली. म्हणाली, ते लॅटिन आहे, सि ओपुस सिट, म्हणजे गरज लागल्यास. थोडक्यात, तू मागशील तेव्हा. आणि मागायचं असतं हे तुला कोणी सांगितलेलं नाही, तू 'पाच' म्हणतेस, रात्री एक सिस्टर अख्खा मजला बघते. मग औषध ट्रॉलीतच राहतं.

म्हणजे जहाजाचाच अर्थ बरोबर होता. बुडणाऱ्यानेच संदेश पाठवायचा.

मग ती कामाचं बोलली. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस साधीच औषधं, पण घड्याळ लावून द्यायची असतात. पॅरासिटामॉल एक ग्रॅम दर ६ तासांनी, दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही. ("वजन पन्नासच्या वर आहे ना तुझं?" आहे, बाई. चांगलंच आहे.) जोडीला डायक्लोफिनॅकसारखं सूज उतरवणारं, तेही ठरल्या वेळी. मूत्रपिंडाचा, पोटातल्या अल्सरचा त्रास असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल तर ते टाळतात. माझं तसं काही नव्हतं, तरी ते तुझ्या डॉक्टरांनाच ठरवू दे म्हणाली. दोन्ही वेगळ्या वाटांनी काम करतात म्हणून एकत्र दिली की तिसऱ्या, जड औषधाची गरज कमी पडते. "दुखायला लागल्यावर गोळी घेणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करणं. ओट्यावर सांडायचं ते सांडतंच."

मी विचारलं, मग पाठीतलं ते इंजेक्शनच जास्त वेळ टिकेल असं काही नसतं का? असतं म्हणाली. त्याच सुईतून मॉर्फिनचा अगदी इवलासा डोस, मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढा, घातला तर बारा ते चोवीस तास टाके शांत राहतात. अंगाला खाज सुटते, उलट्या होऊ शकतात, श्वासावर लक्ष ठेवायला रात्रभर माणूस लागतं. परदेशात हे सर्रास चालतं. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत मिळतं, लहान दवाखान्यांत मॉर्फिन ठेवायच्या भानगडीतच कोणी फारसं पडत नाही. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा, परवाने, नोंदवह्या. २०१४ साली तो कायदा पुष्कळ सोपा केला, पण दबकून वागायची सवय काही गेली नाही. आणि गंमत म्हणजे मॉर्फिन जिच्यातून निघतं ती अफू आपल्याच देशात पिकते, मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्यावर. नीमचला सरकारी कारखाना आहे. इथली अफू औषधांसाठी जगात कुठे कुठे जाते, आणि मी इथे खोकला गिळून पडलेय.

फोन ठेवताना म्हणाली, "आम्हा भूलवाल्यांचंही चुकतं. दुखण्याचं सगळ्यात जास्त कळतं आम्हाला, आणि दुखायला लागतं तोवर आम्ही तिसऱ्या दवाखान्यात पोचलेलो असतो."

रविवार, सकाळ

मॅडमना म्हटलं, "मॅडम, काल मी पाच सांगितलं, ते खोटं होतं. रात्रभर मला कुशीवर वळता आलेलं नाही. औषध ठरावीक वेळेला मिळेल का?"

भांडणाची तयारी करून बसले होते. त्या म्हणाल्या, "अहो, मग सांगायचं ना!" आणि दोन ओळी लिहिल्या. १२-६-१२-६. झालं. अर्धं मिनिट.

राग नक्की कुणाचा करावा कळेना. 'सांगायचं ना' हे बरोबरच आहे. पण मीही त्यांना मनातल्या मनात एक उत्तर दिलं: विचारायचं ना, नीट.

रविवार, संध्याकाळ

दुखणं गेलेलं नाही. बाजूला सरकून बसलंय, आहे, पण माझ्याकडे पाठ करून.

आज पोरीकडे पहिल्यांदा धड पाहिलं. डाव्या कानाच्या पाळीवर केसाएवढी खाच आहे. दोन दिवस मांडीवर होती आणि मला दिसली नव्हती.

झाडलोट करणाऱ्या मावशींनी आणखी एक युक्ती दिली, ती कुठल्याही फाइलीत नाही. खोकला आला की उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची, आणि मग खुशाल खोकायचं. उठताना सरळ उठायचंच नाही. आधी गुडघे वाकवायचे, मग ओंडका वळवतात तसं आख्खं अंग कुशीवर, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन बसायचं. "माझी दोन्ही सिझरची," म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी कामाला लागले." मी म्हटलं दुखलं नाही का? "दुखलं की. कुणाला सांगता?"

रविवार, रात्री २

पलीकडच्या खोलीत आज दुपारी एक सिझर झालंय. भिंतीतून कण्हणं ऐकू येतंय. दाबलेलं, उशीत तोंड घातल्यासारखं.

आई उठून गेली. मला वाटलं पाणी प्यायला. पाच मिनिटांनी परत आली, सोबत माझी जादाची उशी नव्हती. म्हणाली, "तिच्या सासूला सांगून आले, फाइल बघा म्हणून. आणि सिस्टरना उठवा म्हटलं, लाजू नका."

मग चटईवर पडून छताकडे बघत बोलली. १९९३ साली माझ्या वेळेला तिचंही सिझरच होतं. सरकारी दवाखान्यात, चाळीस खाटांच्या वॉर्डात. मला आजवर एवढंच माहीत होतं की त्या रात्री खूप पाऊस होता. "पदर तोंडात धरला होता मी," म्हणाली. "तुझी आजी म्हणाली, जरा कळ काढ. काढली." थोड्या वेळाने, "काल तुला तेच बोलले ना मी?"

मी झोपल्याचं सोंग केलं. काय बोलणार?

बुधवार, घरी

देशात २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या साडेएकवीस बाळंतपणं सिझरची निघाली. खासगी दवाखान्यांत तर जवळपास निम्मी. नको तिथे सिझर होतात, ती चर्चा व्हायलाच हवी आणि होतेही. पण एवढ्या बायका त्या टेबलावरून उतरून घरी येतात, त्यांच्या दुसऱ्या रात्रीबद्दल मला बाळंतपणाच्या एकाही पुस्तकात, एकाही वर्गात ऐकायला मिळालं नव्हतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, धुरी, शेक, कानाला बांधायचा रुमाल, सगळं पाठ होतं.

आज घरात गोळ्यांवरून वाद. चुलत आजीचं म्हणणं, औषध दुधात उतरतं, बाळाच्या पोटात जातं, बंद कर. पॅरासिटामॉल आणि माझी ती दुसरी गोळी दुधात अगदी नगण्य उतरते, हे मॅडमना विचारून आले होते. ट्रामाडॉल या जड वेदनाशामकाचं मात्र वेगळं आहे. अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते घेऊ नये असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला होता. म्हणजे आजीचं अगदीच चूक नाही, फक्त सगळ्या गोळ्या तिच्या लेखी एकच.

मी समजावायला तोंड उघडलं, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काकू, ती दुखण्याने आवळून बसली तर पान्हा कसा फुटेल?" विषय संपला. तीन दिवसांत आईला माझ्याहून चांगलं बोलता यायला लागलंय.

फोनवर अलार्म आहे, गोळीचा. तो वाजायच्या आत आई पाण्याचा तांब्या घेऊन हजर.

बारावा दिवस

आज बारसं. घर माणसांनी भरलंय. सूज उतरवणारी गोळी गेल्या आठवड्यातच सुटली, पॅरासिटामॉल परवा. टाक्यांवरची कातडी अजून बधिर आहे, बोट लावलं की दुसऱ्या कुणाच्या पोटाला लावल्यासारखं वाटतं. लाली, पू, ताप काही नाही, रोज आरसा धरून बघते.

पाळण्याची दोरी माझ्या हातात होती आणि अलार्म वाजला. बंद करायला विसरले होते. फोन फडताळावर, हात लांब केला तर टाक्यात बारीक चमक गेली. आईने लांबूनच भुवया उडवून विचारलं.

मी दोन बोटं दाखवली. आत्यांना वाटलं, दुसरं नाव सुचवतेय.