जुन्या गोव्याची पायी वारी

नोव्हेंबर संपत आला की सिंधुदुर्ग, बेळगाव या बाजूंनी माणसं जुन्या गोव्याकडे चालू लागतात. 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, 3 डिसेंबरला सांत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे त्या संताचा सण. मी सावंतवाडीहून निघालेल्या गटात होते. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मला प्रार्थना जमेनाशी झाली होती. तोंडाने 'हे आमच्या स्वर्गातील बापा' चालायचं, आत मात्र एकच घोकणं: इतकं मागितलं, तरी का नेलंस?

पहाटे अंधारातच निघायचो. पुढे क्रूस, मागे आम्ही. पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली तो मंगळवार, म्हणून रोझरीत, म्हणजे मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेत, मंगळवारची दुःखाची रहस्यं, येशूच्या दुःखाचे प्रसंग. पहिलंच गेथशेमाने बागेतलं. पकडला जाण्याआधी येशू हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून देवाला विनवतो आणि शिष्य झोपी जातात. लहानपणापासून म्हणत आलेय, पण त्या दिवशी 'टळू दे'पाशी अडले. त्यानेही मागितलं होतं. त्याचंही टळलं नाही.

कोलवाळचा पूल ओलांडला आणि मी मागे पडले. गटातल्या एक मावशी थांबल्या. "बाबांका काय झाल्लां गो?" एवढंच. मग मी बोलतच सुटले: आजार, दवाखाना, शेवटची रात्र, देवावरचा राग. त्यांनी ना समजूत घातली, ना बायबलची ओळ सांगितली. रोझरी बोटांत गुंडाळलेली, अंगठा एका मण्यावर दाबून धरलेला. म्हापसा आलं तरी अंगठा तिथेच. माझं सांगून झालं तेव्हा त्याच मण्यापासून पुढची 'नमो मरिया' सुरू झाली, या वेळी दोघींची.

बायबलात लूकच्या 24व्या अध्यायातली अम्माऊसची वाट मला त्यानंतर उमगली. दोन शिष्य यरुशलेम सोडून खचलेले चाललेत, साधारण 11 किलोमीटर. क्रूसावर मरून पुन्हा उठलेला येशू त्यांना गाठतो, पण ओळख देत नाही. शास्त्र उलगडण्याआधी तो विचारतो, काय बोलत चालला आहात? घडलं होतं ते त्याच्याच बाबतीत, त्याला का ठाऊक नव्हतं! तरी आधी त्यांचं सगळं ऐकून घेतो.

आणि आपली शांती तो शिष्यांना देतो कधी, तर पकडला जायच्या रात्री, जेवताना. काही तासांत सगळे पांगणार हे माहीत असताना. मग बाबांविना घरातही ती माझ्यासाठी आहेच, हे पावलागणिक पटत गेलं. दुःख होतं तेवढंच होतं. देवाशी भांडण मात्र निवलं.

पणजीहून रायबंदरचा जुना बांध धरला, डावीकडे मांडवी. बॉम जेझू चर्चचा गिलावा नसलेला लाल जांभा दिसला तशी सगळ्यांची चाल वाढली. आत झेवियरचा देह ठेवलेल्या उंचावरच्या चांदीच्या पेटीकडे बघत लोक काही ना काही मागत होते. मला सारखं वाटत होतं, या माणसाला चीन गाठायचं होतं आणि 1552 मध्ये तो किनारा समोर असताना एका बेटावर तापाने गेला. त्याचंही मागणं राहूनच गेलं. तिथे 'हे आमच्या स्वर्गातील बापा'मधली 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ मी न अडखळता म्हटली.

बाहेर येऊन आईला फोन लावला. शेवटच्या रात्री बाबांजवळ तीच होती, आणि मी तिला कधी विचारलंच नव्हतं. विचारलं. ती खूप वेळ बोलली. पुढच्या नोव्हेंबरात येईन म्हणते, गुडघे साथ देतील तिथवर चालत, पुढे गाडीने.