आधी सांडवा, मग चर

देवगड तालुक्यातलं आमचं घर उतारावर आहे. वरच्या अंगाला जांभ्याचा सडा, पश्चिमेकडून खारा वारा आणि मधे गडग्यानं वेढलेलं काही गुंठ्यांचं परसू. पर्माकल्चर म्हणजे निसर्गाच्या चालीनं शेत-परसाची टिकाऊ आखणी. तिची मांडणी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी केली. तिच्यातली पहिलीच गोष्ट मला जड गेली : कुदळ उचलायच्या आधी नुसतं बघत राहायचं. पाऊसभर आणि पुढे उन्हाळाभर मी वहीत परसाचा नकाशा काढत होते. पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं, ऊन कुठवर येतं. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कलतो आणि घराच्या उत्तरेची पट्टी सावलीत जाते, हे कागदावर आलं तशी हिवाळी भाजीची जागा ठरून गेली.

खरा गुंता पाण्याचा. चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं कौलारू छप्पर साधारण १०० चौरस मीटर, म्हणजे मोसमात ३ लाख लिटर पाणी नुसतं पागोळ्यांतून पऱ्याला जाऊन मिळतं. ते मुरवायला समपातळीत चर खणायचे ठरवले. पातळी काढायला गवंड्याची पाणी भरलेली नळी पुरली, वेगळं यंत्र लागलं नाही.

पण कोरड्या मुलखातले लांबलचक, बंद तोंडाचे चर इथे उचलून आणू नयेत, असं माझं ठाम मत आहे. जुलैची एक रात्र बांध फोडायला पुरते. खणायला आलेले काका म्हणाले, “वैनीनु, पाणी अडवतास तर भायर जावची वाट पयली करा. नायतर पावस आपली वाट आपणच करता.” मग आधी जांभ्याचे सांडवे बांधले, नंतर चर. चर आखूड आणि उथळ. एकाचं जादा पाणी दुसऱ्यात, शेवटच्याचं विहिरीच्या वरच्या अंगाला खणलेल्या खड्ड्यात. बांधावर गिरिपुष्प आणि अननस लावले. गिरिपुष्प नत्र धरतं, शिवाय छाटलेला पाला तिथेच अंथरता येतो.

घरापासूनच्या अंतराप्रमाणे पट्टे पाडायचे, रोज लागणारं दाराशी ठेवायचं, हे सासूबाईंना सांगावं लागलं नाही. मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू त्यांनी केव्हाच लावले होते. मी फक्त कपड्यांच्या साबणाचं पाणी वेगळं काढलं. बाकी पट्टे मात्र वानरांनी ठरवले. फळझाडं लांब ठेवली तरी चालतात, असं शास्त्र म्हणतं. आमच्याकडे लांबची पपई आपली नसते! म्हणून पपई स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, आणि गडग्याकडे सुरण, हळद, आलं. त्यांच्याकडे वानर फारसं फिरकत नाही.

आच्छादनाला पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, भरपूर मिळतो, एरवी तो राबाला किंवा शेकोटीला जातो. मात्र आपल्या हवेत त्याचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. पावसात बुंध्याला भिडलेला ओला पातेरा कुजवा आणतो, त्यामुळे तेव्हा बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी. आलं-हळद गादीवाफ्यावरच, नाहीतर कंद सडतात. पाऊस सरला की आळी साफ करून जाड थर घालायचा. शेणखताचा खड्डा वरचेवर उलथावा लागतो, कारण माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा तिथेच अंडी घालतो. खत उलथताना अळ्या वेचायच्या. कोंबड्या असल्या तर तेही काम वाचतं.

झाडांच्या मजल्यांसाठी परदेशी नमुना शोधायची गरज नव्हती. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राची लाखी बाग हेच सांगते : ७.५ मीटरवर माड आणि मधल्या जागेत मिरी, जायफळ, दालचिनी. आमच्या जुन्या माडांना मिरवेल चढवली आहे, मधे दालचिनी लावली. जायफळाची कलमंच घेणार, कारण बियांपासूनच्या रोपांत नर किती निघतील याचा नेम नसतो. त्याला सावली हवी, म्हणून तिथे आधी केळी वाढवल्या. यंदा पाऊस लागला की कलमं जमिनीत जातील.