कपड्यांचा घोडा

एका दुकानाच्या घरगुती वस्तूंच्या यादीचं मराठी करायचं काम आलं होतं. पाचला फाइल पाठवायची आणि दुपारी तीनला आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी तिचा भाग तपासायला घेऊन आली. तिसऱ्याच ओळीत ‘कपड्यांचा घोडा’! मी इतका मोठ्यानं हसलो की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मूळ शब्द ‘क्लोद्स-हॉर्स’, म्हणजे घरात ओले कपडे वाळत घालायची घडीची चौकट.

‘‘मशीनकडून करून घेतलंस ना?’’ मी विचारलं. ती गोरीमोरी झाली.

तेवढ्यात डोक्यावरची ट्यूब फडफडायला लागली. शिपाईमामा दारातूनच म्हणाले, ‘‘थांबा सर, घोडा आणतो.’’

आणि मामा दोन्हीकडून पाय असलेली लाकडी शिडी ओढत घेऊन आले. माझं हसू जिरलं. इंग्रजीतला हॉर्स तरी दुसरं काय? पाय रोवून, पाठीवर ओझं घेऊन उभा राहतो तो घोडा. करवतीनं कापायचं लाकूड सुतार ज्यावर ठेवतो तो ‘सॉ-हॉर्स’. चित्रकाराचं चित्र टेकवायचं ‘ईझल’ तर डच ‘एझल’वरून आलं, म्हणजे चक्क गाढव. आणि तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात तिला आपण घोडीच म्हणतो की.

मग कामाची घाई विसरून मी तिला पुढची ओळ दाखवली, ‘लाँड्री हॅम्पर’, म्हणजे धुवायच्या कपड्यांची टोपली. हा माझा लाडका शब्द. जुन्या फ्रेंचमध्ये ‘हनाप’ म्हणजे पेला आणि ‘हनपिए’ म्हणजे तो जपून ठेवायची पेटी. इंग्लंडात राजाच्या चॅन्सरीचे, म्हणजे दफ्तरखान्याचे, कागद अशा पेटाऱ्यात ठेवत, त्यावरून एका कचेरीचंच नाव ‘हॅनपर’ पडलं. आता त्यात मळके मोजे. ‘क्लोद्सपिन’ अमेरिकेतला, ‘क्लोद्सपेग’ ब्रिटनमधला. आपल्याला दोन्ही चिमटेच.

शेवटी मी ‘कपडे वाळवायचा स्टँड’ असं लिहिलं.

‘‘मग माझं चुकलं कुठं?’’ तिनं विचारलं.

‘‘अर्थाला धरून होतं गं. पण स्टँड हवा असलेलं गिऱ्हाईक घोडा शोधणार आहे का?’’

‘‘सर,’’ वरून मामांचा आवाज आला, ‘‘बोलणं झालं असेल तर घोडा धरा जरा. डुगडुगतोय.’’

धरला.