तुम्ही विचारलंत म्हणून: घरामागे पोल बार्न (जमिनीत खांब गाडून उभारलेली पत्र्याची मोठी शेड) टाकायला एकूण किती पैसे लागतील?

मिशिगनमधली मराठी मंडळी, विशेषतः डेट्रॉइटच्या बाहेर अर्धा-पाऊण एकराचं घर घेतलेली, हा प्रश्न हमखास विचारतात: "गराजमध्ये सुतारकामाला जागा पुरत नाही. मागे पोल बार्न टाकायचाय. किटची, म्हणजे खांब-ट्रस-पत्र्याच्या तयार संचाची जाहिरात बघितली, आकडा बरा वाटतोय. एकूण किती धरू?"

किटच्या आकड्याला अडीचने गुणा. तो आकडा झेपत असेल तर पुढे वाचा, पण किटची ऑर्डर आज देऊ नका. या कामात पैसे वाया जातात ते सहसा लाकूड-पत्र्यात नाही. जागा न मोजता, परवाना हातात नसताना किट अंगणात उतरवून घेतलं की ते बुडायला लागतात.

पोल बार्नला सलग पाया नसतो. खोल खड्डे घ्यायचे, तळाशी काँक्रीटची बैठक, त्यावर कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेले ६ बाय ६ इंची लाकडी खांब, खांबांना बाहेरून आडव्या पट्ट्या, वर ट्रस म्हणजे छताच्या कैच्या, आणि सगळ्यावर रंगीत पत्रा. जमिनीचा कोबा शेवटी ओततात आणि तो छताचं वजन घेत नाही. स्वस्त पडतं ते यामुळेच.

हिशेबासाठी २४ बाय ३२ फुटांची इमारत धरू, आत १० फूट मोकळी उंची. हा आकार मुद्दाम घेतलाय. खांब ८-८ फुटांवर बसतात, त्यामुळे १६ फुटी पट्टी दोन गाळ्यांवर (गाळा म्हणजे दोन खांबांमधली जागा) बरोबर बसते, तुकडे उरत नाहीत. दुसरं म्हणजे २४ आणि ३२च्या काटकोनाचा कर्ण बरोबर ४० फूट येतो. लाइनदोरी लावली की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४० आले तर काम गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. अर्ध्या इंचाचा फरक असला तरी तो तिथेच काढा, कारण छताचा पत्रा चढवताना तोच फरक कडेला कात्रीसारखा दिसतो आणि तेव्हा त्याला इलाज नसतो.

आता परवानगी. मिशिगनमध्ये २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली सुट्या शेडला बिल्डिंग परमिट लागत नाही. आपली इमारत ७६८ चौरस फुटांची, म्हणजे लागणारच. पण परमिट हा दुसरा दरवाजा झाला. पहिला दरवाजा झोनिंगचा, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येतं त्या नियमांचा, आणि ते प्रत्येक टाउनशिपचे (इथल्या स्थानिक प्रशासनाचे) वेगळे. फोन करून एवढं विचारा: मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचं, घराच्या मानाने दुय्यम इमारत किती मोठी चालते, प्लॉटचा किती टक्के भाग झाकता येतो, आणि उंची कुठपर्यंत मोजतात. शेवटचा प्रश्न विसरू नका. बऱ्याच ठिकाणी उंची वळचण आणि आढं यांच्या मधोमध मोजतात. त्या हिशेबाने बसणारी इमारत आढ्यापर्यंत मोजली तर बसत नाही.

हद्दीपासूनचं अंतर मोजायला आधी हद्द कुठे आहे ते माहीत हवं. घर घेताना कर्जाच्या कागदांत मिळालेला नकाशा म्हणजे हद्दीची मोजणी नव्हे, आणि शेजाऱ्याचं कुंपण म्हणजे तर मुळीच नव्हे. इमारत हद्दीच्या जवळ जात असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून खुंट्या ठोकून घ्या. सेप्टिक टाकी असेल तर ड्रेन फील्ड, म्हणजे तिचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या नळ्यांचं जाळं, कुठे पसरलंय त्याचा नकाशा काउंटीच्या आरोग्य खात्याकडे बहुधा मिळतो. त्याच्यावर बांधायचं नाहीच, काँक्रीटचा ट्रकही त्यावरून न्यायचा नाही. तळं किंवा ओढा ५०० फुटांच्या आत असेल तर माती उकरण्याचा वेगळा परवाना लागतो.

नियमात बसत नसेल तर झोनिंग बोर्ड ऑफ अपील्सकडे सूट मागता येते. ३०० फुटांच्या आतल्या मालमत्तांना सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी नोटिसा जातात. नोटीस पोचण्याआधी शेजाऱ्याच्या दारात स्वतः नकाशा घेऊन जा. "मला मोठी मशीन घ्यायचीत" हे कारण तिथे चालत नाही. अडचण जमिनीची असावी लागते: उतार, प्लॉटचा वाकडा आकार, मध्ये आलेलं ड्रेन फील्ड.

एक पळवाट दरवेळी कानावर येते: "शेतीच्या इमारतीला परमिट लागत नाही ना?" नाही लागत, कायद्यात तसं आहे. पण परसात चार वाफे भेंडी-मेथी लावली म्हणून सुतारकामाची शेड शेतीची होत नाही.

एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर त्यांचं लेखी उत्तर सगळ्यांत आधी घ्या. टाउनशिपने परमिट दिलं तरी एचओए नाही म्हणू शकते, आणि पत्र्याच्या भिंतींना अनेक सोसायट्यांत सरळ मनाई असते. अशा ठिकाणी खांबांच्या सांगाड्यावर प्लाय आणि घरासारखंच साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) लावता येतं. पण ते किट वेगळं, दरही वेगळा.

अर्जासोबत मापात काढलेला प्लॉटचा नकाशा, खांबांची मांडणी, भिंतीचा उभा छेद आणि इंजिनिअरचा शिक्का असलेली ट्रसची ड्रॉइंग द्यावी लागतात. ही ड्रॉइंग पुरवठादार देतो. ड्रॉइंगपुरते पैसे भरा, बाकी ऑर्डर परमिट आल्यावर. ट्रसची ऑर्डर देताना पुढे आतून छत लावणार आहात का हे तेव्हाच सांगा. खालच्या दांडीवर जिप्सम बोर्ड आणि इन्सुलेशनचं वजन धरलेलं नसेल, तर नंतर ते लटकवता येत नाही. चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळी-कप्पी) टांगायचा विचार असेल तर तेही याच वेळी बोला. ट्रसला नंतर भोक पाडणं, खाच घेणं, दांडी कापणं अजिबात नाही.

इथल्या कडक हिवाळ्यात खड्डा निदान ४२ इंच खोल हवा, नाहीतर गोठलेली माती खांब वर उचलते. खोली सगळे पाळतात, रुंदीत मात्र फसतात. लांब भिंतीतल्या मधल्या एका खांबावर किती छत येतं ते बघा: ८ फूट गाळा, १२ फूट निम्मं छत आणि १ फूट वळचण, म्हणजे १०४ चौरस फूट. बर्फाचे २५ आणि छताचे स्वतःचे १० असे चौरस फुटाला ३५ पौंड धरले तर ३,६४० पौंड झाले. चिकणमातीला बिल्डिंग कोडप्रमाणे चौरस फुटाला १,५०० पौंड चालतात. १८ इंची ऑगरने (खड्डे पाडायच्या गिरमिटाने) घेतलेल्या खड्ड्याचा तळ पावणेदोन चौरस फुटांचा, म्हणजे साधारण २,६५० पौंडांचा. पुरत नाही. २४ इंची घेतला तर तळ ३.१४ चौरस फुटांचा होतो आणि ४,७०० पौंडांच्या वर जातो. वाळूमिश्रित जमिनीत, २,००० पौंडांच्या हिशेबाने, १८ इंची जवळजवळ पुरतो, पण जवळजवळ म्हणजे नाहीच. राज्याच्या उत्तरेला बर्फाचा भार दुप्पट-तिप्पट होतो, तिथे हे गणित नव्याने मांडा. किटबरोबर आलेल्या छापील कागदात '१८ इंची खड्डा' लिहिलेला असतो, पण तो कागद तुमची माती बघून छापलेला नसतो.

असे १४ खड्डे. खणण्याआधी ८११ या फोन नंबरवर, म्हणजे जमिनीखालच्या लाइन दाखवणाऱ्या इथल्या मिस डिग सेवेला, किमान तीन पूर्ण कामाचे दिवस आधी कळवा. ते सार्वजनिक लाइन आखून देतात. तुमच्या स्प्रिंकलरचा पाइप, प्रोपेनची नळी, सेप्टिकची लाइन ते आखत नाहीत, ती तुम्हीच शोधायची. ऑगर भाड्याने आणायच्या दिवशीच तपासणीची वेळ घेऊन ठेवा, कारण खड्डे काँक्रीट घालण्याआधी इन्स्पेक्टरला दाखवावे लागतात. मध्ये पाऊस पडला तर काठ ढासळतात, तळाशी चिखल साचतो आणि तो खड्डा नापास होतो. रात्री प्रत्येक खड्ड्यावर प्लाय टाका. मुलांसाठीही, पावसासाठीही.

खांबावरचा टॅग वाचून घ्या. जमिनीत गाडायच्या खांबावर यूसी४बी हा प्रक्रियेचा दर्जा हवा. मोठ्या दुकानांत समोर रचून ठेवलेले बरेचसे ६ बाय ६ यूसी४ए असतात, ते डेकला ठीक. खांब १६ फुटी घ्या आणि उभे केल्यावर पातळी काढून वरचं टोक कापा. कापलेलं टोक कधीही खाली जाऊ देऊ नका, प्रक्रिया आतपर्यंत पोचलेली नसते. वादळात छत वर ओढलं जातं, म्हणून खांबाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना प्रक्रिया केलेल्या २ बाय ६च्या फळ्या ठोकायच्या. काँक्रीट खड्ड्याच्या तोंडाशी पसरून छत्रीसारखं होऊ देऊ नका, गोठलेली माती त्या कडेला धरून खांब उचलते. आणि प्रक्रिया केलेल्या लाकडात गरम जस्तात बुडवलेलेच खिळे. साधे चकचकीत खिळे त्यातलं तांबं खाऊन टाकतं.

ट्रस ४ फुटांवर धरले तर ९ लागतात. या कामातला सर्वांत मोठा अपघात ट्रस चढवतानाच होतो. दोन-तीन उभे करून तात्पुरते तिरके टेकू न देताच चौथा उचलला, जोराचा वारा आला, की पत्त्यांसारखी रांग आडवी होते. पहिला ट्रस जमिनीपर्यंत टेकू देऊन पक्का करा, पुढचा प्रत्येक मागच्याला बांधा.

छताच्या पत्र्याखाली दव धरणारा कापडी थर कारखान्यातूनच चिकटवून येतो. तो घ्या. थोडे पैसे वाचवायला लोक तो गाळतात आणि मार्चमध्ये टेबल सॉच्या बिडाच्या पृष्ठभागावर पाणी ठिबकायला लागतं. छत चढल्यावर तो लावायची सोय नाही. स्क्रू इतकेच पिळा की रबरी वॉशर जेमतेम दबेल. बाहेर फुगून आलेला वॉशर दोन-तीन उन्हाळ्यांत फाटतो.

कोबा ४ इंची धरला तर २५६ घनफूट, म्हणजे साडेनऊ घनयार्ड. दहा टक्के जास्त मागवायचं म्हणजे साडेदहा. एका ट्रकमध्ये साधारण १० यार्ड येतं, त्यामुळे उरलेल्या अर्ध्या यार्डासाठी दुसरा ट्रक आणि अपुऱ्या भरतीचा दंड. खडीची लेव्हल नीट काढली तर दहात भागतं. म्हणून खडीवर घालवलेला एक जास्तीचा दिवस कधीच वाया जात नाही. खडीवर ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) किंवा जाड प्लास्टिक टाका. विजेचा आणि एखादा रिकामा पाइप कोबा ओतण्याआधी खालून काढून ठेवा.

विजेसाठी ६० अँपचं सबपॅनल (घरच्या मुख्य पॅनलवरून घेतलेलं छोटं पॅनल) एकट्या माणसाच्या वर्कशॉपला पुरतं. ३ हॉर्सपॉवरचं टेबल सॉ २४० व्होल्टवर १५ अँप, धूळ ओढणारं मशीन १२, ५ किलोवॉटचा हीटर २१, दिवे आणि बाकीचं ६, मिळून ५४. गाडी चार्ज करायची असेल तर १००चं घ्या. घरापासून चार तारा न्यायच्या, सबपॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वेगळे ठेवायचे, इमारतीपाशी अर्थिंगचे रॉड वेगळे. पीव्हीसी पाइप १८ इंच खोल, पाइपविना पुरायची केबल २४ इंच. चर बुजवण्याआधी इन्स्पेक्टर यायला हवा. आपल्या राहत्या घरासाठी घरमालक स्वतः इलेक्ट्रिकल परमिट काढू शकतो. पण तारांना रंग कशासाठी असतात हे विचारावं लागत असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

आता अडीचपटीचा हिशेब. एकूण १०० धरले तर किट ४०, उभारणीची मजुरी २०, माती-खडी-कोबा १७, इन्सुलेशन आणि हीटिंग १२, वीज ८, सर्व्हे-ड्रॉइंग-परमिट ३. हा आमचा ठोकताळा आहे, दरपत्रक नव्हे. "सगळं मी स्वतः करणार" म्हणालात तर वाचतात ते मुख्यतः मजुरीचे २०, आणि त्यातलेही काही ऑगर, लिफ्ट आणि मचाणाच्या भाड्यात जातात. या १००वर आणखी १५ बाजूला ठेवा. ते बहुधा पाणी काढायला, जास्तीच्या खडीला आणि ट्रकने खराब केलेल्या लॉनला लागतात. पैसे कमी पडत असतील तर आतलं छत आणि हीटिंग पुढच्या वर्षी करा. खांब, ट्रस आणि छताखालचा थर यांत काटकसर नको.

कंत्राटदार घेणार असाल तर मिशिगनमध्ये ६०० डॉलर आणि त्यावरच्या कामाला राज्याचं बिल्डर लायसन्स लागतं. नंबर राज्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. प्रत्येक हप्त्याआधी कोणाचं किती देणं आहे याचं शपथपत्र आणि लाकूडवाला, काँक्रीटवाला यांच्याकडून लीन वेव्हर, म्हणजे घरावर बोजा चढवण्याचा हक्क सोडल्याचा कागद मागा. तुम्ही कंत्राटदाराला दिलेत आणि त्याने काँक्रीटवाल्याला दिले नाहीत, तर बोजा तुमच्या घरावर चढतो.

परमिट मिळाल्यापासून १८० दिवसांत काम सुरू झालं नाही तर ते रद्द होतं. म्हणून नोव्हेंबरात परमिट काढून जूनची वाट बघू नका. अर्ज फेब्रुवारीत करा.

काम संपल्यावर टाउनशिपचा असेसर, म्हणजे करासाठी मूल्य ठरवणारा अधिकारी येतो. इथे जुन्या घराच्या करपात्र मूल्याची वाढ महागाई किंवा ५ टक्के यांतल्या कमी आकड्यावर रोखलेली असते. नव्या बांधकामाला ती मर्यादा लागू नाही, त्याच्या बाजारमूल्याचा निम्मा आकडा वेगळा मिळवला जातो. आपल्या टाउनशिपचा मिलेज दर (करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे किती डॉलर कर) आधीच बघून वर्षाचा कर काढून ठेवा. घराच्या विम्यात सुट्या इमारतींसाठी बहुधा घराच्या रकमेच्या १० टक्के असतात आणि त्यातच कुंपण आणि जुनी शेडही येते. आतली मशीन त्या रकमेत मोडत नाहीत, ती घरातल्या सामानाच्या रकमेतून जातात. आणि फर्निचर बनवून विकायला लागलात तर विमा कंपनी आणि टाउनशिप, दोघांनाही आधी सांगावं लागतं.