आरएस-४८५ लॉग: मोकळ्या बसवरचे कचरा बाइट बंद झाले

विहिरीवरच्या मोटरचा नोड आणि घरातला कंट्रोलर यांच्यातली आरएस-४८५ लाइन (ए आणि बी या दोन वायरींवरच्या व्होल्टेजच्या फरकाने डेटा पाठवणारी सामायिक बस) आता नीट चाललीय. आधी या लाइनवर मोडबसची (उपकरणांच्या संवादाचा प्रोटोकॉल) फ्रेम, म्हणजे एक पूर्ण संदेश, मधूनच सीआरसीला (चूक पकडणारी बेरजेसारखी तपासणी) नापास होत होती, त्याचं कारण सापडलं. लॉजिक ॲनालायझरवर फ्रेम अगदी बरोबर दिसत होती, फक्त तिच्या सुरुवातीच्या आधी एक ०० बाइट चिकटून येत होता जो कुणी पाठवलेलाच नव्हता.

होतं असं की मास्टरने (संवाद सुरू करणारा कंट्रोलर) डीई पिन (ड्रायव्हर चालू-बंद करणारी) खाली घेतली की बसवर कुणीच ड्रायव्हर उरत नाही, दोन्ही टोकांना १२० ओहमचं टर्मिनेशन (ए-बी मधला रेझिस्टर) असल्यामुळे ए आणि बी जवळपास एकाच व्होल्टेजला येतात, आणि स्टँडर्डमध्ये फक्त एवढंच ठरलंय की फरक +२०० मिलिव्होल्टच्या वर गेला तर १ आणि -२०० च्या खाली गेला तर ०, मधे रिसीव्हर काहीही देऊ शकतो. तिथे ० आला की यूएआरटीला (बिट वाचून बाइट बनवणारा भाग) तो स्टार्ट बिट, म्हणजे नव्या बाइटची सुरुवात, वाटतो. मॅक्स ४८५ या आरएस-४८५ च्या चिपमधला फेलसेफ (सिग्नल नसताना आउटपुट १ ठेवायची सोय) उघड्या इनपुटसाठी आहे, वायर तुटली तर तो कामाला येतो, टर्मिनेशन लावलेल्या मोकळ्या बसला त्याचा उपयोग नाही.

मॅक्स ४८५ च्या तयार निळ्या मॉड्यूलवर ए ला वर आणि बी ला खाली ओढणारे २० केचे रेझिस्टर असतात म्हणून बरेच जण निर्धास्त राहतात. हिशोब करून बघा, दोन मॉड्यूलचे मिळून १०-१० के, मधे ६० ओहम, ५ व्होल्टवर हातात येतात जेमतेम १५ मिलिव्होल्ट!! ६८० ओहम लावले तर २११ मिळतात, ते फारच काठावर. मी ५६० लावले, २५४ मिळतात, आणि ड्रायव्हरला दिसणारा लोड ५७ ओहमच्या आसपास राहतो (५४ पर्यंत चालतं). पण हे एकाच ठिकाणी लावायचे, प्रत्येक नोडवर लावले तर ड्रायव्हरचा जीव जाईल.

तरी ए-बी शॉर्ट झाले तर बायसचा (या ओढणाऱ्या रेझिस्टरांचा) काही उपयोग नाही, म्हणून हॉट एअरने चिप काढून मॅक्स ३०८५ बसवली, पिन त्याच आहेत. हिची थ्रेशोल्ड (० आणि १ मधली सीमा) -५० ते -२०० मिलिव्होल्टमधे सरकवलेली आहे त्यामुळे शून्य व्होल्ट म्हणजे सरळ १. केबल काढली, ए-बी शॉर्ट केले, नुसतं टर्मिनेशन ठेवलं, तिन्ही वेळा आउटपुट वरच राहिला. मला तरी हाच खरा फेलसेफ वाटतो.

आता स्पीड. मॅक्स ४८५ २.५ एमबीपीएसची आणि ३०८५ फक्त ५०० केबीपीएसची, मग मागे का गेलो? रिसीव्हरला लागणारे साधारण ९० नॅनोसेकंद स्पीड अडवत नाहीत, चढत्या आणि उतरत्या एजच्या (सिग्नल बदलतो ती कड) उशिरात जो फरक पडतो तो बिटची रुंदी खातो, आणि ९६०० बॉडला बिट १०४ मायक्रोसेकंदाचा असताना हे सगळं नगण्य आहे. उलट ३०८५ चा ड्रायव्हर मुद्दाम हळू एज देतो, त्यामुळे विहिरीकडच्या लांब स्टबवरचं (मुख्य लाइनपासून फुटलेला फाटा) रिंगिंग (सिग्नल बदलल्यावरची थरथर) स्कोपवर स्पष्ट कमी दिसतंय. जास्त स्पीडची चिप घेऊन इथे काहीच मिळत नाही.

५६० चे रेझिस्टर मात्र काढलेले नाहीत, कारण नुसत्या थ्रेशोल्डवर विसंबलं तर नॉइजसाठी ५० मिलिव्होल्टच उरतात आणि शेजारूनच मोटरची केबल जाते. आता स्टार्टर ओढताना स्कोप लावून ए-बी वर किती उडी येते ते बघणार, ट्रेस मिळाला की टाकतो.