दम लागतो म्हणून बसून राहायचे का?

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या ओळखीत कुणाला फुप्फुसाचा जुनाट आजार असल्याचे निदान झाले की त्यांच्या घरून मला फोन येतो, आणि प्रश्न बहुधा एकच असतो: "हा आजार पूर्ण बरा होत नाही हे कळल्यावर तुम्ही स्वतःला कसे सावरलेत?" आता वडिलांच्या निदानानंतर तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. त्यांच्याप्रमाणे माझाही आजार सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन आत घेतलेली हवा पुरती बाहेर न पडण्याचा.

निदानानंतर मला सर्वांत जास्त झेलावा लागलेला प्रश्न होता, "तुम्ही तर कधी सिगरेट ओढली नाहीत, मग हे कसे झाले?" माझे लहानपण आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षे संगमेश्वरजवळच्या गावी चुलीपुढे गेली. पावसाळ्यात ओली लाकडे पेटता पेटत नसत, फुंकणीने फुंकून डोळे लाल होत, आणि तो धूर छातीतही साठतो आहे हे कुणाच्या मनात येत नसे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते की सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे 25 ते 45 टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. ते कळल्यावर मला मोठा आधार वाटला. तुमचे वडील ओढत असतील तर सोडण्यासाठी त्यांना हरप्रकारे मदत करा, कारण त्याने फुप्फुसांची घसरण खरोखर मंदावते. पण झाल्या गोष्टीचा दोष त्यांच्या पदरात घालू नका.

मला मनापासून सांगायचे आहे ते मात्र विश्रांतीविषयी. निदान कळताच घरातल्यांनी मायेने माझ्या हातातली सगळी कामे काढून घेतली. भाजीला जाऊ नकोस, कपडे वाळत घालू नकोस, नुसती बसून राहा, असे दिवसभर चालत असे. या मायेने नुकसान कसे होते, हे आम्हाला फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावून दिले. दम लागतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे मांड्यांचे स्नायू उतरतात, दुबळ्या झालेल्या स्नायूंना थोडेसे कामही जड जाते, आणि पूर्वी जिना चढताना लागणारा दम मग न्हाणीघरापर्यंत जातानाही लागू लागतो. फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही, परंतु पायांची ताकद पुन्हा मिळवता येते. पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणून साधारण 6 ते 8 आठवड्यांचा जो व्यायामाचा कार्यक्रम असतो, त्याचा मोठा भर यावरच असतो. डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत चालताना लागणारा दम त्रासदायक असला तरी तो फुप्फुसांना इजा करत नाही, हे मला पटले तेव्हापासून माझी भीती ओसरू लागली.

आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे शिकलेले सगळे जिन्यावरच कसाला लागते. पहिल्या पायरीशी थांबून नाकाने श्वास घ्यायचा, मग ओठांचा चंबू करून, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून, तो सोडत सोडत एक-दोन पायऱ्या चढायच्या, आणि पुढचा श्वास घेताना कठडा धरून थांबायचे. सोडलेल्या श्वासाला ओठांपाशी थोडा अडसर झाला की आतल्या बारीक श्वासनलिका मिटत नाहीत आणि अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाव मिळतो. धाप वाढलीच तर वळणावर कोपरे कठड्याला टेकवून किंचित पुढे वाकायचे आणि खांदे सैल सोडायचे. शेजारी सुरुवातीला "पाणी आणू का?" म्हणत धावत येत, आता ते नुसते बाजूला उभे राहून मला वाट देतात, आणि मला तेवढेच हवे असते.

श्वासावाटे औषध घ्यायचा पंप (इनहेलर) एकदा लागला की सुटत नाही, ही समजूत मनातून काढून टाकावी. औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने त्याची मात्रा गोळीपेक्षा पुष्कळ कमी पुरते. मात्र पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ बसला नाही तर ते बरेचसे घशातच राहते, म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरावा आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवावा. त्यात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून टाकावी, नाहीतर तोंडात बुरशी धरू शकते.

ठाण्याच्या हवेची मला काळजी वाटते. बांधकामांची आणि रस्त्यांची धूळ आहेच, शिवाय हिवाळ्यात सकाळी धूर जमिनीलगत साचून राहतो. म्हणून थंडीत मी कचराळी तलावावर पहाटे न जाता ऊन वर आल्यावर जाते. घरात उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल बंद झाली. देवापुढे निरांजन पुरते, हे आधी सासूबाईंनीच म्हटले, याचे मला फार बरे वाटले.

वडिलांना आता काय करू द्यावे, असेही तुम्ही विचारलेत. डॉक्टरांची हरकत नसेल तर संध्याकाळी त्यांच्याबरोबर खाली उतरा, त्यांच्या चालीने चाला आणि ते थांबतील तिथे काही न बोलता थांबा. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी द्यावी. कफ वाढला, त्याचा रंग बदलला किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओठ निळसर दिसू लागले, एक वाक्य पुरे करता येईना किंवा गुंगी येऊ लागली तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.